वाचकांचे प्रश्न : पावसाळ्यानंतर सुरू न होणारा जुना संगणक

प्रश्न : आमच्याकडे २००६ साली घेतलेला पेंटियम ४ संगणक आहे. त्यात ५१२ एमबीच्या दोन रॅम आणि ८० जीबीची हार्ड डिस्क आहे. जूनमध्ये झाकून ठेवलेला हा संगणक गणपतीत मुले घरी आल्यावर लावला, तेव्हा आतला पंखा फिरला, समोरचा दिवाही लागला, परंतु पडद्यावर काहीच उमटले नाही आणि कसला आवाजही आला नाही. दुरुस्ती करणाऱ्यांनी कॅबिनेट उघडून पाच मिनिटांत ‘मदरबोर्ड गेला, नवीन घ्या’ असे सांगितले. आईचे शेवटच्या वर्षांतले फोटो आणि आंब्याच्या बागेचा अनेक वर्षांचा हिशेब त्यातच आहे. ते सारे गेले असे समजायचे का?
– एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : आपले फोटो आणि हिशेब हार्ड डिस्कवर आहेत, मदरबोर्डवर, म्हणजे सर्व भाग जोडणाऱ्या मुख्य पाटीवर, नाहीत. म्हणून मदरबोर्ड खरोखरच गेला असला, तरी डिस्क धड असेल तर ती काढून दुसऱ्या संगणकाला जोडता येते. २००६च्या सुमाराची डिस्क दोन प्रकारांची असू शकते : तिला रुंद, पट्टीसारखी केबल असेल तर ती आयडीई आणि अरुंद केबल असेल तर ती साटा. त्या प्रकाराचा यूएसबी जोडणी-संच घ्यावा. मात्र डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टचा पुरवठा लागत असल्यामुळे स्वतंत्र अडॅप्टर असलेलाच संच मागावा. लॅपटॉपच्या डिस्कसाठी मिळणारी नुसती केबल येथे चालत नाही. डिस्कमधून टकटक असा ठरावीक आवाज येऊ लागला, तर ती तत्काळ बंद करून जाणत्या माणसाकडे न्यावी. फोटो दोन ठिकाणी उतरवून झाल्यावरच पुढील दुरुस्तीला हात घालावा, असे मी आग्रहाने सांगेन.

आता संगणकाविषयी. मदरबोर्ड गेल्याचा निष्कर्ष बाकी सर्व शक्यता तपासून झाल्यावर शेवटी काढायचा असतो, आणि पाच मिनिटांत ती तपासणी होत नाही. पंखा फिरतो याचा अर्थ एवढाच, की बटण काम करते आणि एसएमपीएसमधून, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या पेटीतून, काही वीज येते आहे. कोकणातल्या पावसाळ्याच्या दमट हवेत बंद राहिलेल्या यंत्राच्या बाबतीत माझा पहिला संशय रॅमवर जातो. रॅमच्या कडेला असलेल्या सोनेरी पट्ट्यांवर आणि खाचेतल्या बारीक पिनांवर ओलसर धूळ व मळ बसतो, संपर्क तुटतो आणि संगणक नेमका आपण वर्णन केल्यासारखा मुका होतो.

प्लग सॉकेटमधून पूर्ण काढावा, त्यानंतर चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून मगच आतील भागांना स्पर्श करावा. मऊ, कोरड्या कुंचल्याने धूळ झटकावी. दोन्ही रॅम काढून त्यांच्या सोनेरी पट्ट्या पेन्सिलच्या साध्या खोडरबराने हलक्या हाताने पुसाव्यात आणि खोडरबराचा भुगा खाचेत पडणार नाही याची काळजी घ्यावी. नंतर एकच रॅम, दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या आपोआप बसेपर्यंत दाबून लावावी आणि संगणक सुरू करून पाहावा. तो सुरू न झाल्यास दुसरी रॅम, मग दुसरी खाच असे सर्व जुळवून पाहावे. प्रत्येक अदलाबदलीपूर्वी प्लग काढलेलाच असावा.

एवढ्याने भागले नाही, तर दोन्ही रॅम बाहेर ठेवून संगणक लावावा. कॅबिनेटमधला छोटा स्पीकर जोडलेला असेल आणि रॅमशिवाय तो वारंवार बीप करू लागला, तर प्रोसेसर आणि बायोसची (संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामची) चिप काम करत आहेत असे समजावे. मदरबोर्ड मेलेला असता, तर रॅम नसल्याची तक्रार त्याने केलीच नसती. आपण आवाज आला नाही असे लिहिले आहे, परंतु पुष्कळ कॅबिनेटमध्ये हा स्पीकर मुळातच नसतो, म्हणून आधी तो आहे ना हे पाहावे. स्पीकर असूनही रॅमशिवाय शांतता राहिली, तर प्रोसेसरजवळचा चार पिनांचा चौकोनी प्लग तपासावा. पेंटियम ४च्या काळात रूढ झालेला हा प्लग प्रोसेसरला १२ व्होल्ट देतो. कॅबिनेट उघडताना तो निघाला किंवा सैल झाला, तर पंखे फिरतात आणि पडदा मात्र काळाच राहतो.

त्यानंतर प्रोसेसरभोवतीचे कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे दंडगोल, पाहावेत. साधारण १९९९ ते २००७ या काळात बनलेल्या अनेक मदरबोर्डांवर सदोष इलेक्ट्रोलाइटचे (आतल्या रसायनाचे) कपॅसिटर बसवले गेले होते आणि आपला संगणक त्याच काळातला आहे. वरचे सपाट टोक फुगलेले किंवा त्यावर तपकिरी डाग दिसला, तर दोष सापडला असे समजावे. कुशल कारागीर ते बदलून देऊ शकतो. एसएमपीएसची खात्री करण्याचा सोपा मार्ग म्हणजे धड असलेला दुसरा जोडून पाहणे. मल्टिमीटरने मोजल्यास पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६ आणि लाल तारेवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट मिळाले पाहिजेत. एसएमपीएसची पेटी मात्र कधीही उघडू नये, कारण प्लग काढल्यावरही तिच्यातील मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून अधिक दाब साठलेला असू शकतो.

संगणक सुरू झाला, तर पुढच्या पावसाळ्यात तो झाकून न ठेवता आठवड्यातून अर्धा-पाऊण तास चालवावा. आतल्या उष्णतेनेच ओल बरीच उडून जाते.

प्रश्न : माझा जुना संगणक दर वेळी ‘सीएमओएस चेकसम एरर’ असे दाखवून थांबतो आणि एफ१ दाबल्यावरच पुढे जातो. तारीखही चुकीची असते. हे कशामुळे होते?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : मदरबोर्डवरील नाण्याएवढा सेल संपला आहे. बायोसच्या नोंदी आणि घड्याळ त्याच्यावर चालते. सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो. तो काढण्यापूर्वी बायोसच्या पानांची छायाचित्रे मोबाइलवर घेऊन ठेवावीत, कारण सेल काढल्यावर त्या नोंदी मूळ स्थितीला जाऊ शकतात आणि डिस्कसंबंधीची नोंद बदलली, तर विंडोज सुरू होत नाही. नवा सेल अधिक चिन्हाची बाजू वर ठेवून बसवावा, बायोसमध्ये तारीख-वेळ भरावी आणि डिस्कची नोंद छायाचित्राशी ताडून मगच बदल जतन करावेत.