पोटमाळ्यावरची गोल टेप: रद्दीत देऊ नका, मशीनलाही लावू नका

तुम्ही विचारलंय की, नौपाड्यातल्या संस्थेचा पोटमाळा आवरताना डब्यात कॉम्प्युटरची एक गोल टेप सापडली, लेबलवर ‘टेक ८२, ९ ट्रॅक, १६००, ८०/८०००’ असं लिहिलंय. असलं सॉफ्टवेअर तेव्हा संस्थांकडे कसं यायचं, कॉम्प्युटरवर कसं चढवायचे, आणि आता ही रद्दीत गेली तर चालेल का?

रद्दीत देऊ नका. आणि कुठे जुना ड्राइव्ह मिळालाच, तर उत्साहाच्या भरात लावूनही बघू नका. का ते पुढे सांगतो.

टेक हा स्टॅनफर्डच्या डोनाल्ड क्नूथ यांनी लिहिलेला टाइपसेटिंगचा, म्हणजे छपाईसाठी पान जुळवण्याचा प्रोग्राम. (टेक्स म्हणू नका. शेवटचं अक्षर ग्रीक आहे, खरा उच्चार ‘ख’कडे झुकतो. आम्ही सगळे टेकच म्हणायचो.) १९७७ मध्ये त्यांच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची फोटोटाइपसेटिंगवरची प्रुफं आली, ती त्यांना बघवेनात. शिशाच्या खिळ्यांवर छापलेल्या जुन्या आवृत्तीसारखं पान कॉम्प्युटरवर यावं म्हणून ते स्वतःच कामाला लागले. पहिलं टेक ‘सेल’ नावाच्या भाषेत होतं, एकाच जातीच्या मशीनवर चालणारं. १९८२ मध्ये सगळं मुळापासून पुन्हा लिहिलं, कुठल्याही मशीनवर नेता यावं म्हणून. लेबलवरचे ८२ ते हेच.

प्रोग्रामचे पैसे नव्हते. टेप, कॉपी करण्याचा खर्च आणि टपाल एवढंच द्यायचं. टेक वापरणाऱ्यांचा गट १९८० मध्ये स्थापन झाला होता आणि त्यात मशीनच्या किंवा ऑपरेटिंग सिस्टिमच्या एकेका जातीसाठी समन्वयक होता: व्हॅक्सचा वेगळा, आयबीएमचा वेगळा, युनिक्सचा वेगळा. आपल्याकडे डॉलर मिळवणं ही त्या काळात एक वेगळीच वारी होती. त्यामुळे माझ्या पाहण्यात आलेली टेप कॉपीची कॉपी होती.

आता लेबल. ९ ट्रॅक म्हणजे आठ बिट आणि एक पॅरिटी (चूक पकडण्यासाठीचा जादा बिट), टेपच्या रुंदीत शेजारी शेजारी. १६०० म्हणजे एका इंचात तेवढी अक्षरं. ८०/८००० म्हणजे ओळ ८० अक्षरांची, आणि अशा शंभर ओळींचा एक ब्लॉक, म्हणजे टेपवर एकदम लिहिला जाणारा गठ्ठा. हा आकडा किरकोळ वाटेल, पण दोन ब्लॉकच्या मध्ये ०.६ इंच टेप कोरी सोडावी लागते आणि ८० अक्षरांची ओळ मावते ०.०५ इंचात. टेकचा मूळ मजकूर सुमारे २५ हजार ओळींचा आहे. ओळीमागे एक ब्लॉक केला, तर तेवढ्यालाच साडेतेराशे फूट टेप जाईल. शंभर ओळींचा ब्लॉक केला, तर सव्वाशे फुटांच्या आत काम होतं. अख्खी टेप असते २४०० फूट.

मुख्य गोष्ट ही की, त्या टेपवर चालणारा प्रोग्राम नसायचाच. आलेला असायचा शिधा, स्वयंपाक आपण करायचा. टेकचा मजकूर ‘वेब’ नावाच्या रचनेत होता, त्याचं पास्कल (प्रोग्रामिंगची एक भाषा) करायला ‘टँगल’ नावाचा प्रोग्राम लागे, आणि टँगलही वेबमध्येच लिहिलेला. दही लावायला विरजण लागतं तसं. म्हणून टँगलची तयार पास्कल प्रत विरजणासारखी टेपवर दिलेली असे. आधी ती आपल्या कंपाइलरला, म्हणजे पास्कलचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला, पटवायची, मग टँगल चालवून टेकचं पास्कल काढायचं, मग ते कंपाइल करायचं.

मी तेव्हा ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कंपनीत कॉम्प्युटर रूममध्ये शिफ्टला होतो. एका संस्थेतले गणिताचे सर आमच्या साहेबांच्या ओळखीने एसटीने टेप घेऊन आले. कापडी पिशवीत, वर टॉवेल गुंडाळून! टेप वाचली गेली, टँगल कंपाइलरला दिला, आणि प्रिंटरमधून पानंच्या पानं चुका. सर शांतपणे कागद घेऊन बसले. टँगल आपल्या पास्कलमध्ये प्रत्येक भागाच्या सुरुवातीला महिरपी कंसात भागाचा आकडा आणि कोलन टाकतो, ती नुसती टिप्पणी असते. आमचं मशीन एबसिडिकवालं, म्हणजे अक्षरांना आयबीएमच्या पद्धतीचे कोड देणारं. टेपवरच्या आस्की या दुसऱ्या पद्धतीच्या कोडमधून बदलताना दोन्ही महिरपी कंस गळाले होते. उरलं काय, तर आकडा आणि कोलन, आणि पास्कलच्या हिशेबी ते झालं लेबल, म्हणजे प्रोग्रामने उडी मारून यायच्या जागेची खूण. बदलाच्या तक्त्यात दोन कोड भरले, तेव्हा टँगल हलला. उलटी तिरपी रेघही गळाली होती हे दुसऱ्या दिवशी कळलं. टेकमधली प्रत्येक आज्ञा त्या रेघेनेच सुरू होते!

पुढचं सगळं त्या सरांचं. टँगल प्रोग्राममधले संदेश आणि शब्द वेगळ्या पूल फाइलमध्ये काढतो. ती फाइल जुन्या खेपेची आणि प्रोग्राम नव्या खेपेचा असेल, तर टेक उठून म्हणतं, ‘टेक डॉट पूल जुळत नाही, मला पुन्हा टँगल कर.’ आम्ही ते इतक्यांदा पाहिलं की, चहा उशिरा आणणाऱ्या पोऱ्यालाही तेच म्हणायला लागलो. शेवटी यातनाचाचणी असे, ‘ट्रिप’ नावाची. ती पार केल्याशिवाय त्याला टेक म्हणायचं नाही, असा क्नूथ यांचा दंडक.

एवढं करून हाती येई डीव्हीआय फाइल, म्हणजे पानावर कुठलं अक्षर कुठे याची यादी, पान नव्हे. ती आपल्या प्रिंटरला समजावणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, बहुधा आपणच लिहायचा, आणि फाँटही त्या प्रिंटरच्या घनतेचे लागायचे. मराठी त्यात शोधू नका. टेकसाठीचं वेल्थुइस यांचं देवनागरी १९९१ चं.

तर टेपची किंमत कशात आहे? क्नूथ यांच्या मजकुरात नाही. तो आज कुणालाही फुकट उतरवून घेता येतो. पण मूळ फाइलला हात लावायचा नाही, असा नियम होता. आपल्या मशीनसाठीचे बदल वेगळ्या ‘चेंज फाइल’मध्ये लिहायचे: ‘एक्स’च्या खुणेखाली मूळ ओळी जशाच्या तशा, ‘वाय’खाली आपल्या, आणि ‘झेड’ला संपवायचं. तुमच्या संस्थेत कुणी ती लिहिली असेल, तर जगात तिची दुसरी प्रत नसण्याचीच शक्यता जास्त.

म्हणून टेप लावू नका म्हटलं. ठाण्याच्या इतक्या पावसाळ्यांत टेपवरचा चुंबकीय थर धरून ठेवणारा बाइंडर चिकट झाला असेल, तर हेडवर थर सोलून निघेल आणि वाचायची संधी एकदाच मिळते ती जाईल. हे काम जुन्या टेपांवरचा डेटा काढणाऱ्या माणसाकडेच द्या. तोवर मागच्या खाचेत प्लॅस्टिकची रिंग असेल तर काढून घ्या. रिंग नसली की टेपवर लिहिता येत नाही. डबा उभा, कोरड्या कपाटात ठेवा.

आणि पोटमाळ्यावर पुन्हा एकदा चढा. हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या, कडेला भोकं असलेल्या प्रिंटरच्या कागदाचा गठ्ठा आहे का बघा, चेंज फाइल त्यावर छापलेली असू शकते. आमचे सर चेंज फाइल आधी फुलस्केप वहीत शिसपेन्सिलीने लिहायचे, तेव्हा वह्यांचे गठ्ठेही सोडू नका.