किल्ली फिरवली की फॅन सुरू, बंद व्हायचं नावच घेत नाही

प्रश्न : सर, माझी 2013 ची पेट्रोल हॅचबॅक आहे. पंधरा-वीस दिवसांपासून किल्ली ऑन केली की इंजिन स्टार्ट व्हायच्या आधीच रेडिएटरचा फॅन फुल स्पीडला फिरायला लागतो, एसी बंद असला तरी. किल्ली काढली की बंद होतो. सकाळी स्टार्टिंगला पण त्रास आहे, दोन-तीनदा सेल मारावा लागतो, आणि चेक इंजिनचा पिवळा दिवा मधेच लागतो मधेच जातो. एक मेकॅनिक म्हणतो फॅनची मोटर बदला, दुसरा म्हणतो राहू द्या, इंजिन थंडच राहील. काय करू? – एक वाचक, लातूर

उत्तर : मोटर अजिबात बदलू नका. तुमच्या गाडीत एकच गोष्ट धड आहे हे नक्की कळलंय आणि ती म्हणजे मोटर, ती फिरतेय ना. बघायचं हे की तिला फिरायचा हुकूम कोण देतंय.

तुम्ही तीन लक्षणं लिहिलीत ती वेगवेगळी समजू नका. फॅन, सकाळचं स्टार्टिंग आणि पिवळा दिवा, तिन्ही मिळून बोट जातं कुलंट टेंपरेचर सेन्सरकडे, नाहीतर त्याच्या वायरिंगकडे. इंजिन किती गरम आहे हे ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, हाच सेन्सर सांगतो. त्याचा सिग्नल तुटला की ईसीयू रिस्क घेत नाही, इंजिन गरम असेल तर नुकसान नको म्हणून सरळ फॅन चालू ठेवतो, आणि स्वतःच्या मनाने एक तापमान धरून पेट्रोल सोडतो, मग थंड इंजिनला सकाळी जेवढं जास्त पेट्रोल लागतं तेवढं मिळत नाही आणि तुम्ही सेल मारत बसता.

पहिलं काम फुकटचं आहे. इंजिन पूर्ण थंड असताना कुलंटची लेव्हल बघा (गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका, आत प्रेशर असतं, तोंडावर उडतं), कारण लेव्हल खाली गेली तर सेन्सर हवेत राहतो आणि काहीही सांगतो. मग सेन्सरचा कनेक्टर काढून बघा, पिनांवर हिरवट गंज आहे का, वायर उंदराने कुरतडलीय का, इंजिन वॉश केल्यावर पाणी शिरलंय का. निम्म्या वेळा दुखणं इथेच सापडतं आणि कॉन्टॅक्ट क्लीनरवर भागतं.

नाही सापडलं तर रात्रभर उभ्या गाडीला स्कॅनर (ईसीयूला जोडून आकडे वाचायचं मशीन) लावायला सांगा. तेव्हा कुलंटचं तापमान बाहेरच्या हवेएवढंच दिसायला हवं. बाहेर 24 आणि स्कॅनरवर उणे 40 किंवा थेट 80 दिसलं तर समजा सर्किट ओपन आहे, म्हणजे सेन्सर किंवा त्याची वायर कुठेतरी तुटलीय, बहुतेक पी 0118 हा त्याच बिघाडाचा कोडही सापडेल. मल्टीमीटर असेल तर सेन्सर काढून ओहम मोजा, बऱ्याच गाड्यांत गार असताना दोन हजारांच्या आसपास आणि गरम झाल्यावर दोनशे-तीनशे, गाडीगणिक थोडं पुढेमागे.

आकडे बरोबर आले तर मग रिले, म्हणजे ईसीयूच्या हुकमावर फॅनला करंट देणारा स्विच. फॅनचा रिले काढा. तरीही फॅन फिरतोय? मग आधी कोणीतरी वायर डायरेक्ट केलेली असणार, आपल्याकडे हा प्रकार सर्रास चालतो. थांबला तर तिथे त्याच नंबरचा दुसरा रिले लावून बघा, आता गप्प बसला तर जुन्याचे कॉन्टॅक्ट चिकटलेत. आणि हो, एसीचं बटण बंद असलं तरी काचेवरचं धुकं काढायच्या मोडमध्ये बऱ्याच गाड्या एसी आपोआप लावतात, तेही एकदा बघून घ्या.

राहू द्या म्हणणाऱ्याचं मात्र ऐकू नका. थर्मोस्टॅट (इंजिन गार असताना कुलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) ठीक असेल तर फॅनमुळे इंजिन फार थंड होणार नाही हे खरं, पण सेन्सर आंधळा असताना उद्या कुलंट गळालं तर बऱ्याच गाड्यांत काटा तुम्हाला काहीच सांगणार नाही, आणि इंजिन तापून हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं सील) गेलं तर त्याचं बिल सेन्सरच्या कित्येक पट येतं.

प्रश्न : माझी बीएस6 डिझेल आहे, कधीकधी गाडी बंद केल्यावरही फॅन चालूच राहतो, जळका वासही येतो. – एक वाचक, चाकण

उत्तर : कधीकधीच होत असेल तर बहुतेक डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) साफ होत असतो, आतली काजळी जाळायला सायलेन्सरच्या बाजूचं तापमान 600 अंशांच्या आसपास नेतात म्हणून फॅन पळतो. आयडलला आरपीएम थोडा वर दिसतो का बघा, दिसला तर तेव्हा गाडी बंद न करता हायवेला एका स्पीडने पंधरा-वीस मिनिटं चालवा. रोजच व्हायला लागलं किंवा डीपीएफचा दिवा लागला तर मात्र दाखवा. आणि बॉनेट उघडल्यावर फॅनजवळ हात नेऊ नका, गाडी बंद असली तरी तो अचानक फिरतो.