‘बाय अँड लार्ज’मधले ‘लार्ज’ किती मोठे?

एका सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या इंग्रजी अहवालात ‘द मेंबर्स आर बाय अँड लार्ज सॅटिस्फाइड’ असे वाक्य होते आणि त्याचे मराठी रूप ‘सभासद मोठ्या प्रमाणावर समाधानी आहेत’ असे छापले गेले. हे वाक्य कानाला खटकते, पण त्यात नेमके काय चुकले ते सांगता येत नाही, असे प्रश्नकर्त्याने कळवले आहे. ‘लार्ज’ म्हणजे मोठे, मग ‘मोठ्या प्रमाणावर’ का चालू नये, ‘बाय’ तेथे काय करते, आणि ‘पब्लिक ॲट लार्ज’मधले ‘लार्ज’ हेच का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

कानाला खटकले ते बरोबरच खटकले. ‘बाय अँड लार्ज’चा आजचा अर्थ ‘एकंदरीत’ असा आहे. या शब्दप्रयोगातल्या ‘लार्ज’चा आकाराशी किंवा प्रमाणाशी काही संबंध नाही आणि त्यातले ‘बाय’ हे आपण शाळेत शिकलो ते ‘च्याकडून’ किंवा ‘च्याजवळ’ नव्हे. हे दोन्ही शब्द शिडाच्या जहाजांवरचे आहेत आणि दोन्ही वाऱ्याविषयी बोलतात. वारा जिकडून येतो त्या दिशेला जहाजाचे तोंड जितके नेता येईल तितके नेऊन चालवणे, याला इंग्रज खलाशी ‘बाय द विंड’ म्हणत. शिडाचे जहाज थेट वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नाही. होकायंत्राच्या तबकडीचे ३२ भाग मानले, तर प्रत्येक भाग सव्वाअकरा अंशांचा होतो, आणि आडव्या काठ्यांना चौकोनी शिडे बांधलेली ती मोठी जहाजे वाऱ्यापासून साधारण सहा भाग, म्हणजे ६७.५ अंश, अंतर राखूनच पुढे सरकत. त्याहून जवळ जाण्याचा प्रयत्न केला तर शिडे फडफडू लागत आणि जहाजाची गती मरे. उलट वारा बाजूने किंवा पाठीमागून भरभरून मिळत असला म्हणजे जहाज ‘लार्ज’ चालले आहे असे म्हणत. येथे ‘लार्ज’चा अर्थ मोकळे, ऐसपैस, अडचणीविना असा आहे. वारा येईल तशी पाठ द्यावी, असे आपल्याकडे म्हणतात. ती म्हण शिडांवरून आली असे मला म्हणायचे नाही, पण ‘लार्ज’ चालणाऱ्या जहाजाचे वर्णन तिच्यात आपसूक झाले आहे.

तेव्हा ‘बाय अँड लार्ज’ म्हणजे वाऱ्याच्या विरोधात आणि वाऱ्याच्या बरोबर, अर्थात वारा कसाही असो. सॅम्युअल स्टर्मी या इंग्रज दर्यावर्दीने १६६९ साली छापलेल्या नौकानयनाच्या ग्रंथात हा शब्दप्रयोग याच अर्थाने येतो: चांगल्या हवेत आणि वाईट हवेत, ‘बाय अँड लार्ज’, जहाज कसे हाताळावे ते दाखवून झाले, असे तो वाचकाला सांगतो. जे जहाज दोन्ही प्रकारे चांगले चाले ते सर्वगुणी. दोन्ही टोके तपासून झाली म्हणजे मधले सगळे त्यात आलेच, अशी ही विचाराची रीत आहे.

ही रीत मराठी माणसाला परकी वाटण्याचे कारण नाही. ‘उभाआडवा महाराष्ट्र पालथा घातला’ असे आपण म्हणतो, तेव्हा बोलणाऱ्याने नकाशावर उभी आणि आडवी रेघ मारलेली नसते. दोन विरुद्ध दिशा सांगितल्या की सगळ्या दिशा सांगून झाल्या, एवढाच त्याचा भाव असतो. ‘लहानथोर जमले होते’ म्हटले म्हणजे मधल्या वयाचे घरी राहिले असे कोणी समजत नाही. आता ‘उभाआडवा’ शब्दशः इंग्रजीत नेऊन ‘व्हर्टिकल अँड हॉरिझॉन्टल महाराष्ट्र’ केले तर जे होईल, तेच ‘लार्ज’चे ‘मोठ्या प्रमाणावर’ करताना होते. जोडीचा अर्थ जोडीलाच असतो आणि तिचे घटक सुटे करून शब्दकोशात शोधले की हाती भलतेच काही लागते.

‘वारा कसाही असो’ येथून ‘एकंदरीत’ येथवरचा प्रवास मात्र थोडा बारकाईने पाहण्यासारखा आहे. सगळ्या वाऱ्यांत, म्हणून सगळ्या बाजूंनी पाहता. सगळ्या बाजूंनी पाहता, म्हणून एकूण हिशेब मांडला तर. आणि एकूण हिशेब मांडला तर, म्हणून किरकोळ अपवाद सोडता. प्रत्येक पाऊल लहान आहे, पण शेवटी अर्थ जवळजवळ उलटला आहे: जो शब्दप्रयोग काहीही न वगळण्यासाठी होता, तो आज अपवादांना जागा ठेवण्यासाठी वापरला जातो. मला यातली मौज अशी वाटते की आपल्या ‘एकंदर’चेही नेमके हेच झाले आहे. ‘एकंदर खर्च ४,२५० रुपये’ असे लिहिले तर त्यात एक रुपयाही बाहेर राहिलेला नसतो. आणि ‘एकंदरीत बरे चालले आहे’ असे कोणी म्हणाले, तर गुडघे दुखतात, धाकट्याची नोकरी अजून लागायची आहे, हे न बोलता त्यात धरलेले असते. इतका सारखा स्वभाव असलेला शब्द मराठीत तयार असताना ‘मोठ्या प्रमाणावर’च्या वाटेला जाण्याचे कारणच नव्हते.

‘मोठ्या प्रमाणावर’ हे शब्द संख्या किंवा व्याप सांगतात. आंब्याची आवक मोठ्या प्रमाणावर झाली, वृक्षतोड मोठ्या प्रमाणावर झाली, हे ठीक. समाधान, शांतता, प्रामाणिकपणा या गोष्टी अशा मोजल्या की भाषा अडखळते. ‘सभा मोठ्या प्रमाणावर शांततेत पार पडली’ हे वाक्य मोठ्याने वाचून पाहावे. ‘सरसकट’ हाही पर्याय कोणी सुचवतात, पण तो तर विरुद्धार्थी आहे. ‘सरसकट कर्जमाफी’ या शब्दांवरून वाद होतात ते त्यात अपवादाला जागा नसते म्हणूनच. ‘ढोबळमानाने’ हा शब्द अंदाज आणि मोजमाप यांसाठी बरा, पण माणसांच्या भावनेसाठी रुक्ष आहे. इंग्रजीतही एक पथ्य आहे: नेमक्या आकड्याआधी ‘बाय अँड लार्ज’ शोभत नाही. ‘बाय अँड लार्ज ४० माणसे आली’ असे कोणी लिहीत नाहीत. तेथे मराठीतल्या ‘सुमारे’सारखा शब्द हवा. काही जण ऐकीव उच्चारावरून ‘बाय इन लार्ज’ लिहितात, ती उघड चूक आहे.

जहाजांवरून आलेल्या शब्दप्रयोगांत अशा फसगती आणखी आहेत. दारू चढलेल्या माणसाला ‘थ्री शीट्स टू द विंड’ म्हणतात, त्यातली ‘शीट’ म्हणजे चादर नव्हे, कागद नव्हे आणि शीडही नव्हे. शिडाचा खालचा कोपरा ज्याने ताणून धरतात तो दोर म्हणजे ‘शीट’. असे तीन दोर सुटले की शिडे वाटेल तशी फडकतात आणि जहाज झोकांड्या खाते. ‘टेकन अबॅक’चेही तसेच: वारा अचानक समोरून भरला की शिडे मागे डोलकाठीवर दाबली जातात आणि जहाज जागच्या जागी हबकते. ‘हबकणे’ हा त्याचा मराठी अर्थ शब्दशः सुद्धा जुळतो, असा योग क्वचित येतो.

पण शब्दाची समुद्रकथा ऐकली की लगेच विश्वास ठेवू नये. आपण रोज ‘पॉश एरिया’ म्हणतो त्या ‘पॉश’बद्दल असे सांगतात की, विलायतेहून मुंबईला येताना जहाजाच्या डाव्या आणि परतताना उजव्या बाजूच्या खोल्यांना ऊन कमी लागे, श्रीमंत प्रवासी त्याच मागून घेत, आणि ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ या शब्दांची आद्याक्षरे त्यांच्या तिकिटावर उमटवली जात. गोष्ट झकास आहे, परंतु असा शिक्का मारलेले एकही तिकीट पुढे आलेले नाही आणि कोशकार ही व्युत्पत्ती मानत नाहीत. ‘बाय अँड लार्ज’ला मात्र छापील आधार आहे.

‘ॲट लार्ज’चे ‘लार्ज’ मोकळेपणाच्या जुन्या अर्थाने याचे भाऊबंद आहे, पण वाट वेगळी आहे. तेथे मूळ भाव ‘बंधनात नसलेला’ असा आहे. ‘द अक्यूज्ड इज स्टिल ॲट लार्ज’ म्हणजे आरोपी अजून मोकाट आहे. ‘ॲम्बॅसडर ॲट लार्ज’ म्हणजे एका देशाशी न बांधलेला राजदूत. आणि ‘पब्लिक ॲट लार्ज’ म्हणजे कोणत्याही एका गटापुरती न बांधलेली, सर्वसामान्य जनता.

आता पुन्हा त्या अहवालाकडे येऊ. मूळ इंग्रजी वाक्यात दोन अर्थ दडलेले आहेत: बहुतेक सभासद पूर्ण समाधानी आहेत, किंवा सगळे सभासद बहुतेक बाबतींत समाधानी आहेत. अहवाल लिहिणाऱ्याला हा धूसरपणा बहुधा सोयीचाच असावा. मराठीत तो तसाच राखायचा असेल तर ‘सभासद एकंदरीत समाधानी आहेत’ असे लिहावे. एकच अर्थ हवा असेल तर ‘बहुतेक’ शब्द योग्य जागी बसवावा लागेल आणि तेथे फार जपायला हवे, कारण ‘बहुतेक सभासद समाधानी आहेत’ हे विधान आहे, तर ‘सभासद बहुतेक समाधानी आहेत’ असे लिहिले की तो अंदाज होतो आणि वार्षिक सभेत कोणीतरी उठून विचारतो, “म्हणजे तुम्ही आम्हाला विचारलेच नाही का?”