दोन लॉट कमी भरले, कपात मात्र साऱ्या बिलातून

प्रश्न : मी सोलापूरचा पोटठेकेदार आहे. मुख्य ठेकेदाराकडून अक्कलकोट भागात सहा किलोमीटर डांबरी थराचे काम घेतले. करारात प्रत्येक किलोमीटर हा एक लॉट. दोन पट्ट्यांमधल्या लांब सांध्याची सरासरी घनता ९० टक्क्यांखाली गेल्यास त्या लॉटच्या रकमेतून ५ टक्के कपात, ९२ टक्क्यांवर गेल्यास २ टक्के बोनस. दोन लॉट कमी भरले, तीन ९२ च्या वर गेले, एक मध्ये राहिला. तरीही १ कोटी ८० लाखांच्या पूर्ण बिलातून ९ लाख कापले आणि बोनस दिलाच नाही. हा बेकायदा दंड नव्हे काय?

उत्तर : आपल्यावर अन्याय झाला आहे, हे मला पटते, पण नोटिशीत ‘दंड’ हा शब्द घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारात लिहिलेली दंडाची रक्कम आपोआप मिळत नाही, तिच्या मर्यादेत वाजवी भरपाई मिळते, आणि नुकसानच नसेल तर भरपाईही नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने कैलाशनाथ असोसिएट्स खटल्यात २०१५ साली सांगितले. मात्र नुकसान मोजणे कठीण असेल तर आधी ठरलेली वाजवी रक्कम धरता येते, हेही त्याच निकालात आहे. आणि सांध्यातून पाणी मुरून रस्ता उखडायला काही पावसाळे जावे लागत असल्याने समोरचा पक्ष नेमका त्यावरच बोट ठेवील. शिवाय करारातले हे कपात-बोनसचे कलम दंड म्हणून मोडीत काढायला निघालात, तर बोनस कोणत्या तोंडाने मागणार?

म्हणून ते कलम म्हणजे कामाच्या दर्जानुसार दर ठरवण्याची रीत आहे, असे धरूनच चाला. पहिल्या पट्टीच्या उघड्या कडेला बाजूने आधार नसतो, रोलर फिरला की माल बाहेर सरकतो आणि दुसरी पट्टी येईपर्यंत ती कड थंड झालेली असते. कड कटरने उभी कापणे, तिला डांबर लावणे, रोलरची फेरी नीट जोडावर घेणे, यात वेळ आणि पैसा जातो. तो खर्च कोणी आनंदाने करावा म्हणूनच असा बोनस ठेवतात, आणि अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या रस्ते विभागाने सांध्यासाठी बक्षीस व कपात ही दोन्ही अंगे एकत्र ठेवली, तीही याच कारणाने.

प्रत्येक लॉट ३० लाखांचा धरला, तर कपात दोन लॉटवर ३ लाख आणि बोनस तीन लॉटवर १ लाख ८० हजार होतो. म्हणजे निव्वळ १ लाख २० हजार कापायला हवे होते. ७ लाख ८० हजार आपले येणे आहे.

आता पुरावा, कारण इथे खरा निकाल कोअरच, म्हणजे रस्त्यातून कापून काढलेले गोल नमुनेच, लावतील. प्रत्येक कोअर कोणत्या साखळीवर (रस्त्याच्या मोजलेल्या अंतरावर), कोणाच्या समक्ष काढला, हे लेखी मागा. टक्केवारी ही मिश्रणाच्या कमाल सैद्धांतिक घनतेच्या, म्हणजे आत हवेची पोकळीच नाही असे धरून येणाऱ्या घनतेच्या, तुलनेत काढतात. सांध्यावरच्या कोअरमध्ये अर्धा माल एका दिवसाचा आणि अर्धा दुसऱ्या दिवसाचा असेल, तर कोणत्या दिवसाचा आकडा धरला, हे प्रयोगशाळेच्या तक्त्यात पाहा. एकाच दिवसाचा धरला असेल, तर कमी भरलेले दोन लॉटही पुन्हा तपासून घेण्यासारखे आहेत.

अंतिम बिलावर ‘पूर्ण रक्कम मिळाली, दावा नाही’ असे लिहून सही करू नका. पैसे घ्यावेच लागले, तर ‘हरकत राखून’ असे लिहा. करारात लवादाचे कलम असल्यास लवाद व सलोखा कायदा, १९९६ च्या कलम २१ ची, म्हणजे वाद लवादाकडे नेण्याची, नोटीस पोचपावतीसह पाठवा. ३० दिवसांत लवाद नेमण्यावर एकमत झाले नाही आणि लवादाचे ठिकाण सोलापूर असेल, तर अर्ज उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर खंडपीठाकडे करावा लागेल. ते १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाले आहे, त्यामुळे मुंबईची वारी टळेल. दाव्याला तीन वर्षांची मुदत असली, तरी कोअरची भोके बुजून वर दुसरा थर पडण्याआधी, याच आठवड्यात, तक्त्यांची लेखी मागणी पाठवा.