पान कुरतडलं की झाडाला कळतं का?

प्रश्न : सर, औंदा वावरात हरभरा आहे. घाटे अळी एका फांदीला लागली तर बाकीच्या झाडाला ते कळतं का? कळत असेल तर झाड काहीच का करत नाही?
– एक शेतकरी, सेलू (जि. परभणी)

उत्तर : कळतं, भाऊ, आणि झाड गप्पही बसत नाही.

1972 साली, आपल्याकडे दुष्काळात रानं ओस पडली त्याच वर्षी, अमेरिकेत ग्रीन आणि रायन या शास्त्रज्ञांनी बटाटा-टोमॅटोची पानं भुंगेऱ्यांना खाऊ दिली. न खाल्लेल्या पानांतही एक प्रथिन वाढलेलं दिसलं. ते किडीच्या पोटातली पचनाची विकरं (एन्झाइम) अडवतं, म्हणजे खाल्लेलं तिच्या अंगी लागत नाही. 1991 मध्ये रायन यांच्याच प्रयोगशाळेला टोमॅटोत जखमेची वर्दी देणारा 18 अमिनो आम्लांचा सिस्टेमिन नावाचा छोटा रेणू सापडला. त्यापुढचं काम झाडातच तयार होणाऱ्या जास्मोनिक आम्लाचं. एरवी संरक्षणाची जनुकं काही प्रथिनांनी दाबून धरलेली असतात. हे आम्ल वाढलं की ती प्रथिनं मोडली जातात आणि जनुकं कामाला लागतात.

बुरशीचं वेगळं. तिच्या भिंतीतलं कायटिन पेशी ओळखते, त्यासाठी जखम व्हावी लागत नाही. जिवंत पेशीवर जगणाऱ्या रोगजंतूंविरुद्ध मुख्यतः सॅलिसिलिक आम्ल पुढे येतं. पेरणीआधी बियाण्याला ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी लावतो, तो मर रोगाच्या बुरशीशी स्वतः झुंजतोच, शिवाय झाडालाही आधीच सावध करतो. हे मला फार मोलाचं वाटतं. बीजप्रक्रिया चुकवू नका.

मग अळी मरत का नाही? घाटे अळी पक्की आहे. झाडाने एक विकर अडवलं की ती न अडणारी दुसरी विकरं तयार करते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत यावर बरंच काम झालंय. शिवाय ही प्रथिनं बनवायला झाडाला वेळ लागतो, आणि वाढीला जाणारी ताकदही तिकडे खर्च होते.

पण झाडाला मदतही मिळते. अळीने कुरतडलेल्या पानांतून सुटणाऱ्या वासावर परजीवी गांधीलमाश्या येतात, हे मक्यात नीट सिद्ध झालंय. आपल्या हरभऱ्यात कॅम्पोलेटिस नावाची बारीक माशी लहान अळीत अंडी घालते. आततायी फवारणीत आधी तीच मरते. म्हणून ओळीत बसून अळ्या मोजा. मीटरभर ओळीत एक-दोन अळ्या दिसेपर्यंत पंप काढू नका, अळ्या टिपणाऱ्या पक्ष्यांना बसायला पक्षी थांबे मात्र आजच लावा.