आधी तक्ता नीट कर, मॉडेल नंतर

जैवविघटनशील पॉलिमरांचे गुणधर्म मशीन लर्निंगने आधीच ओळखायचे आहेत ना, मग न्यूरल नेटवर्कचं खूळ सध्या बाजूला ठेव. दीड-दोनशे पॉलिमरांच्या डेटाला रँडम फॉरेस्ट नाहीतर गॉशियन प्रोसेस या थोड्या डेटावर चालणाऱ्या पद्धती पुरे. दुसऱ्यात अंदाज किती कच्चा आहे तेही कळतं, आणि पुढचा नमुना कोणता बनवायचा हे त्यावरून ठरवता येतं.

खरा वेळ खातो तो डेटाचा तक्ता. पीएलए म्हणजे लॅक्टिक आम्लापासून बनणारं प्लास्टिक. त्याचा टीजी, म्हणजे ते मऊ पडू लागतं ते तापमान, साधारण ६० अंश, पण कुठे ५५ सापडेल, कुठे ६५. रेणुभार, एल-डी लॅक्टिक आम्लाचं प्रमाण, डीएससीत (नमुना तापवून टीजी मोजायच्या यंत्रात) तापवण्याचा वेग, सगळ्यांनी आकडा हलतो. नुसत्या स्माइल्समध्ये, म्हणजे रेणूची रचना अक्षरांत लिहायच्या पद्धतीत, रेणुभार किंवा तापवण्याचा वेग येत नाही. त्यांचे वेगळे रकाने कर. एकाच कुळातले पॉलिमर ट्रेन (मॉडेल शिकवायचा डेटा) आणि टेस्ट (ते तपासायचा डेटा) दोन्हीकडे गेले की निकाल उगाच देखणे येतात, तेवढं सांभाळ.

‘जैवविघटनशील: हो/नाही’ असा रकाना तर ठेवूच नकोस. पीएलए औद्योगिक कंपोस्टमध्ये ५८ अंशांच्या आसपास कुजतं, साध्या मातीत मात्र वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं. आणि आपल्या नागपुरात मे महिन्यात उन्हात उभ्या कारच्या डॅशबोर्डवर ते वाकतं! म्हणून टीजीची खालची मर्यादा आधीच ठरव. एलआयटीत (लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत) डीएससी चालवणारं कुणी ओळखीचं असेल तर चहा पाजून एखादी दुपार त्याच्याशेजारी बस.