नळ सोडून प्यायलेलं पाणी

"मॅडम, साखर आहे, पण रोजे चुकवायला मन होत नाही." रमजान जवळ आला की हे वाक्य माझ्याकडे दर आठवड्याला कुणीतरी घेऊन येतं. त्यातल्या एका खालांची, म्हणजे मावशींची, ही गोष्ट, ओळखीच्या खुणा बदलून.

खाला पंचावन्नच्या पुढच्या, इन्सुलिनवर. आदल्या वर्षी अस्रच्या, म्हणजे दुपारनंतरच्या, नमाजेला उभ्या असताना घामाघूम होऊन खाली बसल्या. साखर ५८. डॉक्टरांनी रोजे बंद केले. "अल्लाहला काय तोंड दाखवू?" हे त्यांचं पालुपद.

आम्हा समुपदेशक मंडळींना माणसाच्या बोलण्यातला हट्टी 'च' शोधायची खोड असते. "रोजा धरलाच पाहिजे" यात तो लगेच सापडला, मी खूश. कुराणातल्या सूरह बकराचा दाखला दिला: आजाऱ्याला सवलत आहे, बरं वाटल्यावर कजा, म्हणजे राहिलेले रोजे नंतर धरणं, तेही झेपणारं नसेल तर फिदया, म्हणजे रोज एका गरजूला जेवण.

खाला शांतपणे म्हणाल्या, "हे मला लहानपणापासून ठाऊक आहे."

तिसऱ्या भेटीत सहज विचारलं, "रोजा नसतो तेव्हा पाणी कुठे पिता?"

ओढणीचं टोक बराच वेळ बोटाला गुंडाळत राहिल्या. "न्हाणीघरात. नळ सोडून. भांड्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून."

"कुणाला?"

"अल्लाह माफ करील हो. मोठ्या जाऊबाई नाही करणार."

आणि स्वतःच हसल्या. 'च' होता, पण मी तो आकाशात शोधत होते. तो स्वयंपाकघरात बसला होता. हे वेळेत कळलं याचं, खोटं कशाला बोलू, मला अजून बरं वाटतं.

बाकीचं सरळ आहे. दीड-दोन महिने आधी डॉक्टरांना भेटा. इन्सुलिनची वेळ, मात्रा स्वतः बदलू नका. बोट टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असं बहुतेक उलेमा, म्हणजे धर्मपंडित, सांगतात. ती ७०च्या खाली किंवा ३००च्या वर गेली तर रोजा सोडा, मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजेची, वाट पाहू नका. मनाच्या आजारावरच्या गोळ्यांची वेळ, मात्राही स्वतः बदलू नका. त्यातलं लिथियम हे औषध घेणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय रोजा नकोच, पाणी कमी पडलं की रक्तात त्याचं प्रमाण चढतं. तरावीह (रात्रीची नमाज) आणि सहरीत (पहाटेचं जेवण) झोपेचे तुकडे होतात, दुपारी तासभर आडवं व्हा.

खालांनी त्या वर्षी फिदया दिला. सहरीला मात्र सगळ्यांसोबत उठल्या, चहा त्यांच्याच हातचा. ईदनंतर शीरखुर्म्याचा डबा घेऊन आल्या.

"जाऊबाई?"

"पाणी पिताना बघितलं त्यांनी. म्हटलं, साखर आहे."

"मग?"

"त्यांनाही आहे म्हणे, तीन वर्षं. त्या गच्चीवर जाऊन पितात."